बावन्न ओल्बोर्स्की आणि एक रजिस्टर पत्र

ओल्बोरी गावात घरं साठ, त्यातली बावन्न ओल्बोर्स्की. उरलेल्या आठांत एक फादरचं, एक शाळेचं आणि बाकीची सहा घरजावयांची. त्यांना गाव अजून पाहुणेच समजतं. पाचशे वर्षांपूर्वी म्हणे कुण्या सरदाराने लढाईतल्या पराक्रमाबद्दल दोन भावांना हा नदीकाठचा तुकडा बक्षीस दिला आणि गावावरून त्यांनी नाव लावलं. ती सनद कुणी पाहिलेली नाही, आणि पराक्रम तर त्याहून नाही. पण त्या दोघांची पोरं, पोरांची पोरं, वाटण्यांवर वाटण्या, असं होत होत शेतांच्या पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की नांगराचा घोडा वळवायला शेजाऱ्याच्या शेतात शिरावं लागायचं. जमीन आटत गेली आणि नाव पसरत गेलं. ते वॉर्साला गेलं, सायबेरियात गेलं, शिकागोच्या कत्तलखान्यांत गेलं, ब्राझीलच्या जंगलात गेलं. गावात राहिले ते मात्र अंगणात शेण काढतानाही आपण सरदार आहोत हे विसरले नाहीत.

अशा गावात टपाल वाटणं म्हणजे काय ताप असतो ते लेओकादियाला विचारावं. गाव तिला लोजा म्हणतं. तिने तो ताप एकतीस वर्षं सोसला, उन्हातान्हात आणि कंबरभर बर्फात, एकाच सायकलवर. ती मूळची इथली नाही. बाप रेल्वेच्या फाटकावर होता. त्यांच्या घरापुढून गाड्या जायच्या आणि शेजारी कुणीच नव्हतं, त्यामुळे आडनाव ही भानगडीची गोष्ट असू शकते हे तिच्या गावीही नव्हतं. १९६० साली झेनोन ओल्बोर्स्कीशी लग्न करून ती आली आणि त्याच वर्षी टपालाची पिशवी तिच्या खांद्यावर पडली.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. यान ओल्बोर्स्की या नावाने वॉर्साहून एका बाईचं पत्र आलं, गुलाबी पाकिटातलं. लोजाने ते दिलं यान ओल्बोर्स्कीला. पण तो यान वेगळा. त्याच्या बायकोने पाकीट हुंगलं आणि दुपारपर्यंत त्या बिचाऱ्याचे कपडे कुंपणाबाहेर होते. संध्याकाळी सासूने लोजाला समोर बसवलं.

"अगं शहाणे, इथे नऊ यान आहेत. कोणत्या घरातला ते बघायचं असतं!"

"पाकिटावर कुठे लिहिलंय घर?"

"लिहीत नसतात. ते माहीत असावं लागतं."

मग पीठ मळता मळता सासूने तिला सगळी घरं पाठ करून घ्यायला लावली. प्रत्येक घराला एक घरचं नाव होतं. चर्चजवळचे ते कोंबडे. ओढ्याकाठचे ओलपाये. गिरणीमागचे खुंटे. मधल्या आळीतले सुईवाले, बेडके, अर्धेभाऊ. आणि आपण बोके. ही नावं आजोबापणजोबांपासूनची, हाक मारायची, भांडताना फेकायची, प्रेमात आलं तर कुरवाळायची. पण कागदावर लिहायची नाहीत. जन्माच्या वहीत नाही, जमिनीच्या उताऱ्यावर नाही, थडग्यावर तर नाहीच नाही. एकदा शाळेत नव्या मास्तरीणबाईंनी हजेरीत 'मारेक बेडका' असं लिहिलं, तर मारेकचा आजा काठी घेऊन शाळेत आला. कागदावर आम्ही ओल्बोर्स्की, म्हणाला, सरदाराने दिलेलं नाव आहे, ते लिहा, बेडूक तोंडाने म्हणा पाहिजे तितकं.

असं हे सगळं लोजाच्या डोक्यात होतं आणि फक्त डोक्यात होतं. तालुक्याच्या पोस्टात पोस्टमास्तर तेओफिल म्हणायचा, "लोजाबाई, तुम्ही आजारी पडू नका बरं का. तुम्ही पडलात तर ओल्बोरीचं टपाल मला नदीत टाकावं लागेल."

आणि मग एक्क्याण्णव सालच्या ऑक्टोबरात, आठ तारखेला, ब्राझीलचं ते रजिस्टर पत्र आलं. पाकिटावर थरथरत्या हाताने, जुन्या वळणाच्या पोलिश अक्षरांत लिहिलं होतं: 'अंतोनी ओल्बोर्स्की यांच्या घरच्यांस. त्यांचा भाऊ फेलिक्स बायकोमुलासह १९११ साली ब्राझीलला गेला. मु. ओल्बोरी.' मागे पाठवणाऱ्याचं नाव, स्तानिस्लाव ओल्बोर्स्की.

"कोणता अंतोनी?" तेओफिलने विचारलं.

"स्मशानात सात आहेत," लोजा म्हणाली.

"मग 'पत्ता लागत नाही' मारू का शिक्का?"

"हात लावाल तर खबरदार! अक्षर बघा. ऐंशीच्या पुढचा माणूस आहे हा. इतक्या म्हाताऱ्या माणसाने समुद्रापलीकडून पत्र टाकायचं आणि आपण शिक्का मारून मोकळं व्हायचं? मी शोधते घर."

"चौदा दिवस ठेवतो," तेओफिल म्हणाला. "बावीस तारखेला संध्याकाळी परत."

त्या रात्री जेवताना तिने झेनोनला पहिलं विचारलं. त्याचाही आजा अंतोनीच होता. झेनोन भाकरीला चरबी लावत होता. "माझ्या आजाला भाऊबिऊ नव्हता," तो म्हणाला. "एक बहीण होती, ती लहानपणीच गेली. कोंबड्यांकडे विचार. त्यांच्याकडचे पुष्कळ गेले तिकडे."

तिने विश्वास ठेवला. नवऱ्यावर ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

दुसऱ्या दिवसापासून टपाल वाटता वाटता तिने चौकशी सुरू केली, आणि तिथून तिच्या डोक्याला जो ताप झाला तो सांगायची सोय नाही. बटाटे काढायचे दिवस होते, सगळे शेतात वाकलेले. कोंबड्यांचा हिलारी पाठ सरळ करून उभा राहिला, पाकीट लांब धरून वाचलं, आणि त्याचा चेहरा एकदम गुळगुळीत झाला.

"फेलिक्स? नाही बुवा. कधी ऐकलं नाही."

"हिलारीभाऊ, गावात कुणाची गाय कधी आटली ते तुम्हाला ठाऊक असतं. अख्खं बिऱ्हाड ब्राझीलला गेलं ते ठाऊक नाही?"

"नाही म्हटलं ना वहिनी. माझ्या तोंडून तर अक्षर ऐकू यायचं नाही. झेनोनला नमस्कार सांगा माझा. आवर्जून सांगा."

खुंट्यांकडची विधवा सबीना तर पाकीट बघायलाच तयार नव्हती. हातातली बादली खाली ठेवून तिने छातीवर क्रूस काढला. "मला काही माहीत नाही हो लोजावहिनी. देवाशपथ. झेनोनभावजींना सांगा, सबीनाला काही माहीत नाही."

"त्याला कशाला सांगू? मी विचारतेय!"

"तरी सांगा."

सुईवाल्यांनी कानावर हात ठेवले. अर्धेभाऊंकडे तिला वाटीभर व्होडका आणि खारवलेल्या काकड्या मिळाल्या, माहिती शून्य. बेडक्यांच्या म्हाताऱ्याने डोळा मारला आणि म्हणाला, "आमच्याकडून काळजी करू नका." कसली काळजी? कुणाची? सगळं गाव गुळणी धरून बसलं होतं. लोजाला वाटलं, जमिनीची भीती. ते तिलाही कळत होतं. राज्य नुकतंच बदललं होतं, कुणाचे वारस कुठून उगवतील याचा नेम नव्हता. शेजारच्या गावात कॅनडाचा एक पुतण्या येऊन गिरणी मागून गेला होता. पण म्हणून एका घराने गप्प बसावं, हे समजू शकतं. बावन्नच्या बावन्न घरांची दातखीळ कशी बसते?

ती फादरकडे गेली. फादरने जुनी वही काढली. रशियन अमदानीतली, सगळी नोंद रशियन लिपीत. दोघांनी चष्मे लावून दुपार घालवली. फेलिक्स ओल्बोर्स्की सापडले आठ. त्यातल्या पाचांचा बाप यान ओल्बोर्स्की. त्यातल्या तिघांना अंतोनी नावाचा भाऊ.

"यातला कोणता बोका, कोणता खुंटा, हे कुठेच नाही," फादर म्हणाले.

"कसं असेल! लिहिलं असतं तर यांच्या सरदारकीला डाग लागला असता ना!" लोजाने वही इतक्या जोरात मिटली की धूळ उडाली आणि फादर शिंकले.

पंधरा तारखेला, मंगळवारी, ती मधल्या आळीतली शेवटची चार घरं आणि पुन्हा एकदा हिलारीचं दार करून भिजून आली. आंबट पिठाचं सूप समोर होतं, पण तिने चमचा बाजूला ठेवला. तिला रडू आलं, रागाने. "मी एकतीस वर्षं यांच्या दारात उभी राहिले. यांच्या पोरांच्या नोकरीचे कागद आणले, मयतीच्या तारा आणल्या. आणि एक साधी गोष्ट विचारतेय तर सगळे असे बघतात जणू मी चोरी करायला आलेय! झेनोन, तो म्हातारा तिकडे वाट बघत असेल रे."

झेनोन सूप पीत होता. "परत पाठवून दे लोजा," तो ताटलीत बघत म्हणाला. "कशाला जिवाला लावून घेतेस?"

एकवीस तारखेला फक्त एक घर उरलं होतं, ओलपायांचं. तिथली पेलाग्याआजी ब्याण्णव वर्षांची. कान गेलेले, डोळे अर्धे, पण जीभ धडधाकट. ती चुलीशेजारी बसून वाटाणे सोलत होती. लोजाने तिच्या कानाशी ओरडून पाकिटावरचा मजकूर वाचला. म्हातारीने हातातली शेंग टोपलीत आपटली.

"किती परीक्षा बघशील गं माझी? अख्ख्या गावाची पाहिलीस, आता माझी?"

"कसली परीक्षा, आजी?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? झेनोनने तुला घरोघर फिरवलंय, कोण फुटतंय ते बघायला. सगळं गाव बोलतंय. त्याला म्हणावं, ओलपायांची पेलाग्या ऐंशी वर्षं गप्प आहे, मरेपर्यंत राहील. फेलिक्स गाडीत बसला तेव्हा मी बारा वर्षांची होते. कडेवर त्याचा स्तानिस्लाव होता, आमचा स्ताश, तीन वर्षांचा, शेंबूड गळत होता. तुमच्या अंगणातून निघाली गाडी. तुझा आजेसासरा दारात उभा होता, भावाला निरोप द्यायला पुढेसुद्धा आला नाही. पण मी सांगितलं का कुणाला? नाही सांगितलं!"

लोजा तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसली. तेरा दिवस. तेरा दिवस ती स्वतःच्या घराचा पत्ता गावाला विचारत फिरत होती, आणि गाव समजत होतं की बोक्यांची सून सगळं जाणून आपल्याला जोखतेय. तिला माहीत नसेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. येणार तरी कसं? नवऱ्याने तीस वर्षांत बायकोला सांगितलं नसेल, असं कोणाला वाटेल?

दुसऱ्या दिवशी, बावीस तारखेला, तिने पोस्टातून पत्र आणि सहीची वही घेतली, टोपी नीट घातली आणि सरळ घरी आली. झेनोन शेडमध्ये कोबी चिरत होता, पिंपात मीठ लावून भरायला. ती दारात उभी राहिली, परक्याच्या दारात राहते तशी.

"ओल्बोर्स्की, झेनोन. अंतोनीच्या घरचे. रजिस्टर पत्र आहे. सही करा."

त्याचा सुरा थांबला. "कोण बोललं?"

"कुणी नाही. तुझं गाव फार इमानी आहे. सही कर."

"लोजा, नदीकाठचं कुरण... कागदावर अजून निम्मं फेलिक्सच्या नावावर आहे. बापाने मरताना माझा हात धरून सांगितलं होतं. ब्राझीलहून काही आलं तर आपण कुणाला ओळखत नाही. गाई कुठे चारू मी? काय खाऊ आपण?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू पोस्टातली. तू दिलं असतंस पत्र."

"दिलंच असतं!"

"म्हणून." तो हातातला कोबी बाजूला ठेवून तिच्याकडे आला. आवाज खाली आणला. "पत्ता लागत नाही असं लिही. एवढंच कर माझ्यासाठी. तू बायको आहेस माझी की पोस्टाची?"

लोजाला भयंकर संताप आला. त्याला चार शिव्या हासडाव्यात, पिंप उलथून टाकावं, असं सगळं मनात येऊन गेलं. मग तिने वही पिंपाच्या झाकणावर ठेवली.

"नियम आहे," ती म्हणाली. "ज्याचं पत्र तो नसेल किंवा घेत नसेल, तर घरातलं कुणीही सज्ञान माणूस घेऊ शकतं." आणि तिने स्वतःच सही केली. नातं लिहायच्या रकान्यात लिहिलं, सून. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या नावाने आलेलं पाकीट तिने फाडलं.

पत्र एका पानाचं होतं. तिने मोठ्याने वाचलं. 'मी फेलिक्सचा मुलगा. तीन वर्षांचा असताना मला आणलं. आई जहाजावरच वारली. वडील गावाविषयी कधी बोलले नाहीत, विचारलं की उठून जायचे. आता आमच्या वस्तीत आपल्या नावाची सव्वीस घरं आहेत, ओल्बोरीच्या वेगवेगळ्या घरांतून आलेली. त्यांना त्यांची घरची नावं आठवतात. एक स्वतःला खुंटे म्हणवतात, एक कोंबडे. आमचं कुणाला माहीत नाही, मुलं चिडवतात की आम्ही बिननावाचे. चर्चमागे एका ओळीत तीन स्तानिस्लाव ओल्बोर्स्की पुरलेत, चौथा मी होईन. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मला जमीन नको, माझ्याकडे इथे पुष्कळ आहे. फक्त आम्हाला काय म्हणायचे तेवढं कळवा, म्हणजे दगडावर घालता येईल. कितीही वाईट नाव असलं तरी चालेल.'

झेनोन कोबीच्या ढिगावर बसला. "एवढंच?" तो म्हणाला. "एवढंच मागतोय?"

"एवढंच!" लोजा किंचाळली. "ऐंशी वर्षं भ्यालात, बाप भ्याला, तू भ्यालास, बायकोशी खोटं बोललास, गावाला कोंडून ठेवलंस, आणि तो मांजराचं नाव मागतोय!"

दुसऱ्या दिवशी झेनोन अंघोळ करून, लग्नाचा कोट घालून तिच्यामागे सायकलीवर तालुक्याला आला. तार त्याने स्वतः लिहिली. 'बोके. आम्ही आहोत. झेनोन.' बोक्यांचं घरचं नाव कागदावर उतरलं ते पहिल्यांदाच. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. तेओफिलने चष्म्यावरून पाहिलं आणि शब्द मोजून पैसे घेतले.

त्यानंतर झेनोन रोज फाटकापाशी येऊन थांबू लागला. "आलं का गं काही?" लोजा मान हलवायची. तिच्या रागाला अजून तळ लागला नव्हता, पण त्याला असं उभं बघून तिला नेमकं कशाचा राग येतोय हेही कळेनासं झालं होतं.

उत्तर आलं नोव्हेंबर संपता संपता. म्हाताऱ्याची मुलगी तेरेझा हिचं पत्र, आणि खाली तिथल्या मठातल्या एका ननने केलेलं पोलिश भाषांतर. लोजाने ते उभ्यानेच वाचलं आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. झेनोनला दिलं नाही. "रविवारी सगळ्यांबरोबर ऐक," म्हणाली.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकात ती आडवी उभी राहिली. बायका, बाप्ये, सगळं ओल्बोरी थबकलं. तिने पत्र काढलं.

"'बाबा पंधरा ऑक्टोबरला गेले,'" तिने वाचलं. "'शेवटपर्यंत टपालवाल्याला विचारत होते. तुमची तार नऊ दिवसांनी आली. दगड आधीच बसवला होता. त्यावर फक्त स्तानिस्लाव ओल्बोर्स्की आहे, शेजारच्या तिघांसारखाच. तरी आभार.'" तिने वर बघितलं. "पंधरा ऑक्टोबर. मंगळवार होता. त्या दिवशी मी कुणाकुणाच्या दारात होते, सांगू? तुझ्या, सुईवाल्या. अर्धेभाऊंच्या. तुमच्या, हिलारीभाऊ, दुसऱ्यांदा."

हिलारी टोपी फिरवत होता. "म्हातारा होता हो वहिनी. जाणारच होता."

"जाणार होता. पण नाव घेऊन गेला असता! एक शब्द होता तो, हिलारीभाऊ, एक शब्द! तुमच्या जिभेला काय काटे टोचत होते?"

"आम्हाला काय माहीत तुम्हाला माहीत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि तेही खोटं नव्हतं, म्हणून लोजाचा आणखीच जळफळाट झाला.

तेव्हा झेनोन गर्दीतून पुढे आला. "गावाला बोलू नकोस लोजा," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "त्या मंगळवारी तू घरी आलीस. भिजलेली होतीस, रडत होतीस. मी समोर बसून सूप प्यायलो. मला माहीत होतं, आणि मी सूप प्यायलो."

गर्दीतून सबीना हुंदके देऊ लागली. लोजाने पत्राची घडी केली, नवऱ्याच्या हातात दिली आणि सायकल घेऊन एकटीच घरी निघून गेली. त्या दिवशी त्याने जेवण स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.